धर्म, नीती आणि राजकारणातील दुफळी

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



आपल्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात मला चार शब्द बोलण्याची संधी दिली, याबद्दल विश्वस्त मंडळाचा मी मनःपूर्वक ऋणी आहे. मी पंडित नाही, आगमांचा अभ्यासकही नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेतली, वडिलोपार्जित कापडाच्या पेढीवर बसलो आणि पुढचे आयुष्य मोजमाप व जमाखर्च यांत गेले. त्यामुळे आजच्या विषयाकडे मी तत्त्वज्ञाच्या नव्हे, तर एका श्रावकाच्या आणि व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहणार आहे. आपण ते गोड मानून घ्यावे.

विषय आहे धर्म, नीती आणि राजकारणातील दुफळी. आनंदाच्या प्रसंगी हा विषय का निवडला, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. उत्तर सोपे आहे. गेल्या काही वर्षांत आपण सर्वांनीच पाहिले की, निवडणूक संपते, परंतु निवडणुकीतले वैर संपत नाही. एकाच ताटात जेवलेले भाऊ मोबाईलवरच्या एखाद्या संदेशावरून अबोला धरतात. व्यापारी संघाच्या सभेत दराविषयी बोलायचे सोडून पक्षाविषयी बोलले जाते. आणि हे सारे चालते नीतीच्या नावाने, पुष्कळदा धर्माच्या नावाने. ज्या धर्माने माणसाला माणसाशी जोडावे, त्याच्याच नावाने माणसे तुटत असतील, तर त्या धर्माची पन्नास वर्षे सेवा करणाऱ्या संस्थेने त्याचा विचार करावयास नको काय?

प्रथम शब्दांचा अर्थ स्पष्ट करून घेऊ. आपल्या परंपरेत गृहस्थाच्या आचारधर्माचा पाया म्हणजे व्रत. अणुव्रते, गुणव्रते, शिक्षाव्रते अशी बारा व्रते श्रावकासाठी सांगितली आहेत. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. व्रत हे घ्यावे लागते. ते दुसऱ्याला बळजबरीने देता येत नाही. मी उपवासाचे पच्चक्खाण घेतो, तेव्हा माझ्या शेजाऱ्याच्या ताटाला त्याचा काहीही उपसर्ग होत नाही. माझ्या परिग्रहाची मर्यादा मी ठरवतो, शेजाऱ्याच्या तिजोरीची नव्हे. म्हणजेच आपल्या धर्माची नीती ही मुळात स्वतःवर घातलेली मर्यादा आहे. राजकारण मात्र मुळात दुसऱ्याविषयी असते. कायदा कोणासाठी, कर कोणावर, बंदी कशावर, हे सारे प्रश्न इतरांना बांधणारे आहेत. राजकारण त्याज्य आहे असे मला म्हणावयाचे नाही. समाजाला कायदा हवाच. परंतु स्वतःला लावण्याचे माप आणि दुसऱ्याला लावण्याचे माप यांची गल्लत झाली की कोणता अनर्थ होतो, हे आज मला मांडावयाचे आहे.

मापाचा उल्लेख मी सहज केला नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात आचार्य उमास्वामींनी, ज्यांना आपल्यातील काहीजण उमास्वाती म्हणतात, प्रत्येक अणुव्रताचे अतिचार सांगितले आहेत. अचौर्य व्रताच्या अतिचारांत एक आहे हीनाधिकमानोन्मान. म्हणजे घेताना मोठे माप आणि देताना लहान माप वापरणे. आमच्या व्यवसायात याचा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. वडिलांच्या पिढीपर्यंत गज होता. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर हळूहळू मीटर आला. पट्टीवर सरकारी शिक्का असतो, तरी मोजणारा हात आपलाच असतो. कापड सैल ठेवून मोजले तर एक माप भरते, ताणून मोजले तर दुसरे. दहा मीटरमागे काही बोटे सहज सुटतात. पट्टी खरी असूनही मोजणी खोटी होऊ शकते, हे कापडाच्या प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक असते.

आजच्या राजकीय दुफळीचे मूळ मला या अतिचारात दिसते. आपल्या पक्षाच्या माणसाने केलेली चूक मोजताना आपण कापड सैल सोडतो आणि विरुद्ध पक्षाच्या माणसाची चूक मोजताना ताणून धरतो. पट्टी दोन्ही वेळी धर्माचीच असते, शिक्काही खरा असतो. मोजणी मात्र दोन प्रकारची असते. जेथे दोन मापे आली, तेथे नीती संपली आणि नुसता पक्ष उरला.

हे केवळ आपल्याकडे घडते असे नाही. अमेरिकेचे उदाहरण पाहण्यासारखे आहे, कारण तेथे धर्म आणि राजकारण यांच्या संबंधांचा पुष्कळ अभ्यास झाला असून त्याचे आकडे उपलब्ध आहेत. १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांचे खासगी वर्तन चर्चेत आले, तेव्हा तेथील सदर्न बॅप्टिस्ट या मोठ्या ख्रिस्ती संघटनेने, सार्वजनिक पदावरील व्यक्तीचे चारित्र्य शुद्ध असलेच पाहिजे, असा ठराव केला. ठराव योग्यच होता. पुढे २०११ मध्ये एका सर्वेक्षणात लोकांना विचारण्यात आले की, खासगी जीवनात अनैतिक वागणारा लोकप्रतिनिधी आपले सार्वजनिक कर्तव्य नीतीने पार पाडू शकतो काय? गोऱ्या इव्हँजेलिकल ख्रिस्ती लोकांपैकी केवळ ३० टक्के लोक ‘होय’ म्हणाले. २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प हे त्यांच्या पसंतीच्या पक्षाचे उमेदवार होते आणि त्यांच्या खासगी वर्तनाविषयी बरेच काही उघड झाले होते. तेव्हा हाच प्रश्न पुन्हा विचारला असता त्याच वर्गातील ७२ टक्के लोक ‘होय’ म्हणाले. पाच वर्षांत बायबल बदलले नव्हते, नीतीही बदलली नव्हती. मोजणारा हात बदलला होता.

तेथील दुसऱ्या पक्षाविषयीही हेच म्हणावे लागेल, नाही तर मीच दोन मापे वापरली असे होईल. स्त्रियांच्या सन्मानाचा सतत पुरस्कार करणाऱ्यांपैकी अनेकांनी १९९८ मध्ये स्वतःच्या नेत्याच्या बाबतीत ‘हा त्याचा खासगी प्रश्न आहे’ अशी भूमिका घेतली होती. माप सैल सोडण्याचा मोह कोणत्याही एका पक्षाची मिरास नाही.

याचा परिणाम काय झाला? राजकारणात धर्माच्या नावाने उतरलेल्यांना काही विजय अवश्य मिळाले. गर्भपाताविषयीचा १९७३ चा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये रद्द केला, हा त्यांच्या दृष्टीने मोठाच विजय होता. परंतु त्याच काळात धर्मसंस्थेच्या खतावणीत काय नोंदले गेले, तेही पाहावे. आपला कोणताही धर्म नाही असे सांगणाऱ्या प्रौढांचे प्रमाण प्यू या संशोधन संस्थेच्या पाहणीनुसार २००७ मध्ये १६ टक्के होते. २०२३-२४ मध्ये ते २९ टक्के झाले. याची कारणे अनेक आहेत. परंतु रॉबर्ट पुटनम आणि डेव्हिड कॅम्पबेल या अभ्यासकांनी २०१० च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, धर्म म्हणजे अमुक एका पक्षाचे राजकारण, असे समीकरण झाल्यामुळे ज्यांना ते राजकारण मान्य नव्हते असे पुष्कळ तरुण धर्मापासूनच दूर गेले. बंधूंनो, आमच्या भाषेत सांगायचे तर एका खात्यात जमा झालेली रक्कम दुसऱ्या खात्यात नावे पडली. राजकारणात नफा झाला, धर्मात तोटा. आपल्या मंदिरात आणि उपाश्रयात तरुण येत नाहीत अशी तक्रार आपण नेहमी करतो. त्या तक्रारीचे उत्तर शोधताना हा जमाखर्च दृष्टीआड करून चालणार नाही.

येथे आपल्यापैकी कोणी म्हणेल की, आपल्याजवळ अनेकान्त आहे. आपल्याला या रोगाची बाधा होणार नाही. अनेकान्ताचा अभिमान मलाही आहे. परंतु त्याचा अर्थ आपण पुष्कळदा सोयीने लावतो. कधी त्याचा अर्थ ‘सगळेच बरोबर’ असा केला जातो, तर कधी भांडणात न पडण्याची सबब म्हणून त्याचा उपयोग होतो. दोन्ही अर्थ चुकीचे आहेत.

दुकानात नेहमी घडणारी गोष्ट सांगतो. ग्राहक भगिनी साडी पसंत करतात, परंतु घेण्यापूर्वी ती उचलून दाराशी नेतात आणि बाहेरच्या उजेडात तिचा रंग पाहतात. दुकानातील दिव्याखाली रंग खोटा दिसत होता असे नाही. तो दिव्याखालचा रंग होता. धूपछाव कापडात तर उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असल्यामुळे एका बाजूने पाहावे तर हिरवे, दुसऱ्या बाजूने पाहावे तर जांभळे. समोरासमोर उभे असलेले दोघेजण वेगवेगळे रंग सांगतील आणि दोघेही खरे बोलत असतील. हा झाला नयवाद. परंतु त्याच कापडाला कोणी शुद्ध रेशीम म्हणत असेल आणि ते प्रत्यक्षात कृत्रिम धाग्याचे असेल, तर तेथे दोन बाजू नाहीत. तेथे एक खरे आहे आणि एक खोटे आहे. सूत जाळून पाहिले की निकाल लागतो. अनेकान्त आपल्याला दाराशी जाऊन पाहण्यास शिकवतो. खोट्याला खरे म्हणण्यास तो शिकवत नाही.

पुन्हा अमेरिकेच्याच इतिहासातील एक दाखला देतो. गुलामगिरीच्या प्रश्नावर तेथे प्रथम धर्मसंस्था फुटल्या, देश नंतर फुटला. १८४४ मध्ये मेथडिस्ट पंथात उत्तर-दक्षिण अशी फूट पडली, १८४५ मध्ये बॅप्टिस्ट पंथात. दोन्हीकडचे धर्मोपदेशक एकाच ग्रंथातून आधार काढीत होते. पुढे यादवी युद्ध झाले, त्यात सहा लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मार्च १८६५ मध्ये अब्राहम लिंकन यांनी दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली, तेव्हा विजय दृष्टीपथात होता. तरीही त्या भाषणात त्यांनी विजयाचा डंका वाजवला नाही. दोन्ही बाजू एकाच ईश्वराची प्रार्थना करीत होत्या याची त्यांनी आठवण करून दिली, गुलामगिरीच्या पापाचा वाटा दक्षिणेबरोबर उत्तरेच्याही पदरात टाकला आणि कोणाविषयीही आकस न धरता जखमा भरून काढण्याचे आवाहन केले. गुलामगिरी अन्यायाची आहे, याविषयी त्यांच्या मनात तीळमात्र संदेह नव्हता. त्या प्रश्नावर ते मध्यममार्गी नव्हते. परंतु त्यांनी पट्टी प्रथम स्वतःच्या बाजूला लावली. ज्या सदर्न बॅप्टिस्ट संघटनेचा मी मघाशी उल्लेख केला, ती १८४५ च्या त्या फुटीतूनच जन्मली होती. १९९५ मध्ये, दीडशे वर्षांनी, तिने गुलामगिरीला दिलेल्या समर्थनाबद्दल जाहीर क्षमायाचना केली. म्हणजे ठाम राहणे आणि द्वेष न करणे या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, आणि उशिरा का होईना, धर्मसंस्था स्वतःची मोजणी सुधारू शकते.

आपल्या परंपरेतही हा धडा आहे. आठव्या शतकातील आचार्य हरिभद्रसूरींनी षड्दर्शनसमुच्चय लिहिला. त्यात बौद्ध, न्याय, सांख्य, वैशेषिक, मीमांसा यांची मते त्यांनी त्यांच्या-त्यांच्या भूमिकेतून, कोणतीही निंदा न करता मांडली. लोकायत मतालाही त्यांनी जागा दिली. स्वतः ते दृढ जैन होते आणि इतर ग्रंथांत त्यांनी परमतांचे खंडनही केले आहे. परंतु खंडनापूर्वी समोरच्याचे म्हणणे त्याला स्वतःला मान्य होईल अशा शब्दांत मांडावे, हा त्यांनी घालून दिलेला पाठ आहे. आज कोणत्याही पक्षाचा समर्थक विरुद्ध पक्षाचे म्हणणे त्या पक्षाला मान्य होईल अशा शब्दांत मांडू शकेल काय? ही परीक्षा आपण प्रत्येकाने घरी घेऊन पाहावी.

आता आपल्या स्वतःच्या समाजाकडे वळतो. पट्टी इतरांना लावून झाली, स्वतःला लावली नाही, तर आजचे हे सारे बोलणे व्यर्थ जाईल.

सन २०१५ मध्ये सहा आठवड्यांच्या आत आपल्या समाजासंबंधी दोन प्रकरणे गाजली. पहिले संथारा अथवा सल्लेखनेचे. ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा हा आत्महत्येसमान ठरवला. देशभर आपल्या समाजाने मूक मोर्चे काढले. ३१ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालास स्थगिती दिली. या विषयावर मतभेद आहेत, विचारवंतांनी आक्षेपही घेतले. परंतु या मोर्चांमुळे शेजारपाजारचा कोणी दुखावला गेला नाही. कारण प्रश्न आपल्या स्वतःच्या व्रताचा होता.

दुसरे प्रकरण लगेच सप्टेंबरमध्ये घडले. पर्युषणकाळात मुंबई व मीरा-भाईंदर येथे मांसविक्री बंद ठेवण्याचे दिवस वाढवण्यात आले. मुंबईत दोनेक दिवस कत्तलखाना बंद ठेवण्याची प्रथा पूर्वीपासून होती आणि तिच्यावरून सहसा कोणी रस्त्यावर उतरत नसे. दिवस वाढले, विक्रीवरही बंदी आली, आणि हां हां म्हणता तो प्रश्न मराठी विरुद्ध बिगरमराठी, शाकाहारी विरुद्ध मांसाहारी, या पक्षाचा विरुद्ध त्या पक्षाचा असा झाला. निषेध म्हणून काही पक्षांच्या कार्यकर्त्यांनी रस्त्यावर मांस विकले. १४ सप्टेंबर रोजी उच्च न्यायालयाने मुंबईपुरती १७ तारखेच्या विक्रीबंदीस स्थगिती दिली. जे पर्व क्षमेचे, त्या पर्वात शहरभर कटुता पसरली. ज्यांचा मासळीचा धंदा, ज्यांचे पोट रोजच्या विक्रीवर, त्यांच्या मनात पर्युषण या शब्दाविषयी कोणती भावना निर्माण झाली असेल, याचा विचार आपण किती जणांनी केला?

कोणी म्हणतील की, बाराव्या शतकात कुमारपाल राजाने आचार्य हेमचंद्रांच्या उपदेशाने अमारी घोषणा केली होती. अकबर बादशहाने १५८३ च्या सुमारास हीरविजयसूरींना आदराने बोलावून पर्युषणात जीवहत्या बंद ठेवण्याचे फर्मान काढले होते. हे खरे आहे. अहमदाबादच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही १४ मार्च २००८ च्या निकालात नऊ दिवस कत्तलखाने बंद ठेवणे वैध ठरवताना अकबराचा दाखला दिला आहे. कायद्याच्या दृष्टीने आपली बाजू अगदीच दुबळी आहे असे मी म्हणत नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. हीरविजयसूरींनी अकबराला मतांचे गठ्ठे दाखवून फर्मान मिळवले नाही. ते गुजरातेतून फत्तेपूर सिक्रीपर्यंत पायी चालत गेले. त्यांच्या तपाने आणि अपरिग्रहाने बादशहाचे मन वळले. जे मन वळवून मिळते ते टिकते. जे दबाव आणून मिळवले जाते, त्याची वसुली पुढे व्याजासह होते.

सन २०२५ मधील कबुतरखान्यांचे प्रकरण तर अगदी ताजे आहे. जुलैमध्ये मुंबईतील कबुतरखाने बंद करण्याचे शासनाने जाहीर केले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. ६ ऑगस्ट रोजी दादर येथे जमावाने ताडपत्री फाडली. १३ ऑगस्टला तेथेच दुसऱ्या बाजूचे आंदोलन झाले. पाखरांना दाणे घालणे ही जीवदया आहे, यात शंका नाही. परंतु पारव्यांची वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ श्वासावाटे जाऊन काही माणसांच्या फुप्फुसांना गंभीर विकार होतो, हे वैद्यकशास्त्राने दाखवून दिलेले आहे. त्या चौकाजवळ राहणारी दम्याची वृद्ध स्त्री हाही पंचेंद्रिय जीव आहे. तिच्या श्वासाची दया आणि पाखराच्या दाण्याची दया, दोन्ही अहिंसेच्याच कक्षेत येतात. वस्तीपासून दूर, स्वच्छतेच्या व्यवस्थेसह पर्यायी जागा शोधणे हे दोन्ही दयांना मान देणारे काम होते. ज्यांनी शांतपणे न्यायालयात बाजू मांडली, पर्याय सुचवले, त्यांना मी वंदन करतो. परंतु ताडपत्री फाडणाऱ्या हातांनी पाखरांचे तर काही भले केले नाहीच, उलट आपल्या समाजाला एका भाषिक वादाच्या तोंडी दिले. दुसऱ्या कोणत्याही समाजाच्या जमावाने धर्माच्या नावाने असे केले असते, तर आपण त्याला काय म्हटले असते? तेच शब्द आपल्यालाही लावणे म्हणजे एकच माप वापरणे.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात आपली संख्या सुमारे ४४ लाख ५१ हजार, म्हणजे लोकसंख्येच्या अर्धा टक्काही नाही. त्यांतील १४ लाख एकट्या महाराष्ट्रात आहेत. इतका लहान समाज शतकानुशतके मानाने जगला तो सत्तेच्या जोरावर नव्हे. सचोटी, दान आणि शेजारधर्म यांच्या जोरावर. कोणत्याही एका पक्षाच्या पंखाखाली गेलेल्या लहान समाजाला तो पक्ष गृहीत धरतो आणि दुसरा पक्ष शत्रू मानतो. व्यापाऱ्याने आपले सारे भांडवल एकाच गिऱ्हाइकाच्या उधारीत अडकवू नये, हे आपण आपल्या मुलांना शिकवतो. समाजाच्या पुण्याईचे भांडवल मात्र आपण एकाच खात्यात घालायला निघालो आहोत.

मग धर्माने सार्वजनिक जीवनात यावयाचेच नाही काय? अवश्य यावे, परंतु कसे यावे याचा आदर्श आपल्याच मातीत आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ मध्ये कुंभोज येथे जैन कुटुंबात झाला. त्यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीत जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी त्या वसतिगृहास भेट दिली आणि त्यांच्याच हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. कर्मवीरांनी कोणाकडूनही अहिंसेचा जयघोष करवून घेतला नाही; विषमतेची हिंसा स्वतःच्या हातांनी कमी केली. त्यांच्या या कार्यामुळे समाजात फूट पडली नाही, उलट महाराष्ट्राला शाळा मिळाल्या.

यास्तव सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने संस्थेपुढे मी काही नम्र सूचना ठेवतो.

पहिली सूचना अशी की, निवडणूक जाहीर झाल्यापासून निकाल लागेपर्यंत संस्थेच्या व्यासपीठावर कोणत्याही पक्षाच्या उमेदवारास स्थान देऊ नये, आणि आपल्या पूज्य साधुसंतांच्या सान्निध्याचा उपयोग मते मागण्यासाठी होऊ देऊ नये. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यान्वये उमेदवाराने धर्माच्या आधारे मत मागणे हा भ्रष्टाचार आहे. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने निर्णय दिला की, उमेदवाराचाच नव्हे, तर मतदाराचा धर्म पुढे करून मत मागणेही त्यात येते. कायदा जेथे सांगतो तेथे तरी धर्मसंस्थेने मागे राहू नये.

दुसरी सूचना मोबाईलवरील संदेशांविषयी. प्रतिक्रमणात आपण अठरा पापस्थानकांची आलोचना करतो. त्यांत कलह आहे, अभ्याख्यान म्हणजे खोटा आळ घेणे आहे, पैशुन्य म्हणजे चहाडी आहे आणि परपरिवाद म्हणजे परनिंदाही आहे. सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख तयार करणे, सांगितले आहे. संध्याकाळी या पापांची आलोचना करावयाची आणि रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तीच पापे पन्नास जणांना पाठवावयाची, हा कोणता जमाखर्च? संस्थेच्या गटावर राजकीय निंदेचा एकही संदेश पुढे पाठवला जाणार नाही, असा नियम आपण सर्वांनी स्वेच्छेने घ्यावा. हे आजच्या काळाचे व्रत आहे.

तिसरी सूचना अशी की, शासनाकडे कोणतीही मागणी करण्यापूर्वी, त्या मागणीचा भार ज्यांच्यावर पडणार आहे अशा शेजाऱ्यांशी संस्थेने आधी बोलावे. त्यांच्या अंगणात जावे, त्यांचे ऐकावे आणि मग अर्ज लिहावा. पुष्कळदा अर्जाची गरजच उरणार नाही.

चौथी आणि शेवटची सूचना तरुणांसाठी. वर्षातून एकदा संस्थेने असा परिसंवाद घ्यावा की, त्यात प्रत्येक वक्त्याने स्वतःच्या मताचे नव्हे, तर विरुद्ध मताचे मंडन करावयाचे, आणि ते इतक्या प्रामाणिकपणे की विरुद्ध मताच्या श्रोत्याने मान डोलवावी. हरिभद्रसूरींचे स्मरण याहून चांगल्या रीतीने करता येईल असे मला वाटत नाही.

बंधू-भगिनींनो, संवत्सरीच्या दिवशी आपण सर्व जीवांची क्षमा मागतो. परंतु आपली क्षमायाचना पुष्कळदा ज्यांच्याशी भांडण झालेलेच नाही, अशांकडेच जाते. येत्या संवत्सरीला प्रत्येकाने एक दूरध्वनी असा करावा, की जो राजकीय मतभेदामुळे तुटलेल्या मित्राला, व्याह्याला, भावाला किंवा शेजाऱ्याला असेल. मत बदलू नका. ते आपला हक्क आहे आणि पुष्कळदा कर्तव्यही आहे. मन मात्र मोकळे करा. पन्नास वर्षांपूर्वी ज्या पूर्वजांनी ही संस्था उभी केली, ते सर्व एका मताचे नव्हते. संप्रदाय वेगळे, गावे वेगळी, पक्षही वेगळे होते. तरीही देणगीच्या पावतीपुस्तकावर सर्वांची नावे एकाखाली एक लिहिलेली आहेत. शताब्दी साजरी करणाऱ्या पिढीला आपली नावेही तशीच एकाखाली एक लिहिलेली आढळावीत, एवढीच माझी भावना आहे.

माझ्या बोलण्यात जिनवचनाविरुद्ध काही आले असेल, कोणाचे मन दुखावले असेल, तर त्रिविधे त्रिविधे मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.